गळ्याची ट्रीटमेंट, ऑपरेशन न करता: गंगापूर रोडच्या स्किन क्लिनिकचा अनुभव आणि खर्च

पाचपैकी चार स्टार देतेय. एक कुठे कापला ते पुढे येईलच, पण ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते, हो, ऑपरेशन न करता गळा बराच सुधारतो, पण एका इंजेक्शनने किंवा एका मशीनने सुधारत नाही, तीन-चार गोष्टी क्रमाने कराव्या लागतात आणि तो क्रम ठरवणारं माणूस जाणकार लागतं. मला ते नाशिकमध्येच मिळालं, मुंबई-पुण्याच्या चकरा माराव्या लागल्या नाहीत, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसलेय.

क्लिनिकचं नाव टाकत नाहीये. पेशंटकडून जाहिरात करून घेणं डॉक्टरांच्या नियमात बसत नाही, आणि मॅडमच म्हणाल्या की अनुभव जरूर लिहा, नाव नको. गंगापूर रोडला आहे, मॅडम स्वतः एमडी स्किन आहेत, बाकी खाली जे लिहिलंय त्यावरून कुठल्याही क्लिनिकला गेलात तरी काय विचारायचं ते कळेल.

माझं वय ५४, बँकेत नोकरी. चेहऱ्याला वयाच्या मानाने फार काही झालेलं नाही पण गळा मात्र भलताच पुढे गेला होता. बोलताना, हसताना हनुवटीपासून खाली दोन उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या दिसायच्या, आडव्या तीन रेषा इतक्या खोल की उन्हाळ्यात त्यात पावडर अडकून बसायची, आणि दोन्ही बाजूंना तांबूस काळपट रंग. भाचीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी साड्या बघितल्या, मी गळाच बघत बसले. या वयात कशाला हे सगळं असं म्हणणारे भेटले, भेटतातच, पण स्वतःच्या पगारातून स्वतःसाठी काही करायला वयाची अट कोणी घातली असेल असं मला वाटत नाही आणि ज्या बायका हे लपूनछपून करतात त्यांनी उघड बोलावं असं मला मनापासून वाटतं.

या क्लिनिकच्या आधी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते, नाव नाही लिहीत. चकाचक रिसेप्शन, कॉफी, आणि डॉक्टरच्या ऐवजी एक काउन्सेलर मुलगी. तिने टेबलापलीकडून माझ्याकडे बघितलं आणि गळ्याचं पॅकेज काढून दिलं, सगळं एकाच दिवशी, आज पैसे भरले तर एवढी सूट, उद्या रेट बदलेल. गळ्याला कोणी हात लावला नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं नाही, शुगर-थायरॉईडचं नाव नाही. डॉक्टर कधी बघतील विचारलं तर म्हणे प्रोसिजरच्या दिवशी. मी उठून आले. ज्या ठिकाणी डॉक्टर तपासायच्या आधी पैशाचं बोलणं होतं तिथे थांबूच नका, गळा ही फार नाजूक जागा आहे.

आता या क्लिनिकबद्दल. पहिल्या व्हिजिटला मॅडमनी जवळजवळ अर्धा तास दिला आणि त्यातला बराच वेळ हाताने तपासण्यात गेला. आधी मंगळसूत्र काढायला लावलं. मग खिडकीजवळ उभं केलं, ट्यूबलाइट बंद, आणि म्हणाल्या, "ताई, खालचे दात दाखवा आणि जोरात ई म्हणा." ई म्हटल्याबरोबर त्या दोन दोऱ्या टरारून वर आल्या. आरसा हातात देऊन त्यांनी बोट लावून दाखवलं की हा स्नायू आहे, कातडी नाही. प्लॅटिस्मा म्हणतात त्याला, छातीच्या वरच्या भागातून निघून कॉलर बोनवरून जबड्यापर्यंत जाणारा अगदी पातळ पसरट स्नायू, दोन बाजूंना दोन. वयानुसार त्याच्या आतल्या कडा मोकळ्या होतात आणि दोऱ्यांसारख्या दिसतात, वर तो जबड्याची कड खाली ओढत राहतो ते वेगळंच. मग हनुवटीखालची कातडी चिमटीत धरून बघितली, चरबी किती आणि सैल कातडी किती. माझ्यात चरबी जवळजवळ नव्हतीच. चरबी असती तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, डीऑक्सिकोलिक ॲसिडचं, अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, पण माझ्यासारखीला ते दिलं तर कातडी आणखी रिकामी होऊन लोंबेल असं त्या म्हणाल्या आणि विषय तिथेच संपवला. आधीच्या पॅकेजमध्ये ते इंजेक्शन होतं, बरं का!

मग रंग. मान वर करून हनुवटीच्या सावलीत येणारा भाग दाखवला, तो स्वच्छ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली काळपट. म्हणाल्या हे उन्हाचं आहे, जिथे सावली पडते तिथे कातडी चांगली राहिली. परफ्यूम कुठे मारता विचारलं. मी गळ्यालाच मारायचे, सकाळी मारायचं आणि ॲक्टिव्हा काढायची. काही सुगंधी द्रव्यं आणि ऊन एकत्र आलं की कातडीवर डाग पडू शकतात, हे मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं. आता परफ्यूम कपड्यांना मारते.

शेवटी थायरॉईडची गाठ वगैरे आहे का ते हाताने बघितलं, पाणी गिळायला लावलं. ब्युटीच्या कामाला गेलेल्या बाईचा थायरॉईड तपासणारी डॉक्टर बघून माझा तिथेच विश्वास बसला.

त्यांचं म्हणणं असं की गळ्याचं म्हातारपण एक नसतं. स्नायूच्या दोऱ्या वेगळ्या, कातडीचा सैलपणा वेगळा, आडव्या रेषा आणि पातळ झालेला पोत वेगळा, रंग वेगळा, चरबी वेगळी. प्रत्येकाला औषध वेगळं आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. बोटॉक्सने, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनने, रंग जात नाही, लेझरने स्नायू सैल होत नाही. त्यात गळ्याची कातडी चेहऱ्यापेक्षा पातळ, तेलाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे जखम भरायला वेळ जास्त, म्हणून चेहऱ्यावर चालणारी जोरदार लेझर सेटिंग गळ्यावर चालत नाही, व्रण राहू शकतो. आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात भाजल्यानंतर काळे डाग लवकर पडतात, हे तर आहेच. म्हणून थोडं थोडं, मधे अंतर ठेवून. सगळं एकाच दिवशी का नको विचारलं तर साधं उत्तर दिलं, काही लाल झालं, सुजलं, गाठ आली तर कशाने झालं ते कसं कळणार? मला पटलं.

पहिलं बोटॉक्स. उभ्या दोऱ्यांसाठी हे डॉक्टर लोक कित्येक वर्षं देतायत, पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, गळ्याच्या या दोऱ्यांसाठी अधिकृत मंजुरी दिली ती २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अगदी अलीकडे. बाटली माझ्यासमोर फ्रीजमधून काढली, सील दाखवलं, आत पावडर असते ती सलाइनमध्ये मिसळली, किती युनिट घेतले ते फाइलमध्ये लिहिलं आणि बाटलीवरचा स्टिकर फाइलला चिकटवला. हे तुम्ही पण मागा, लाजू नका, युनिटवर पैसे देतो आपण. ई म्हणायला लावून दोरी चिमटीत धरायची आणि वरून खाली थोड्या थोड्या अंतरावर बारीक सुई, प्रत्येक ठिकाणी अगदी कमी औषध. दुखणं म्हणाल तर काहीच नाही, दहा मिनिटांत काम झालं. डोस मुद्दाम कमी ठेवला कारण गळ्यात औषध खोल गेलं किंवा जास्त झालं तर गिळायला त्रास होऊ शकतो, आवाज बदलू शकतो, झोपेतून उठताना मान उचलायला जड जाऊ शकते. असं काही वाटलं तर रात्री-अपरात्री फोन करा म्हणून नंबर दिला. मला काही झालं नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून फरक जाणवायला लागला आणि दोन आठवड्यांनी पूर्ण, तेव्हा बोलावून परत ई म्हणायला लावलं, डाव्या बाजूला थोडी दोरी उरली होती तिथे टचअप दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या, आणि मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असणाऱ्यांनी हे घ्यायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, काळंनिळं पडतं, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्या डॉक्टरने दिली त्यालाच विचारा.

दुसरं हायफू, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या लहरी एका बिंदूवर गोळा करून कातडीच्या आत, वरची कातडी न भाजता, साठ-सत्तर डिग्रीची उष्णता द्यायची, त्याने जुनं कोलेजन, म्हणजे कातडीला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, आखडतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत नवीन तयार होतं. याच तत्त्वावरच्या अल्थेरा मशीनला अमेरिकेत गळा आणि हनुवटीखालच्या भागासाठी २०१२ मध्ये परवानगी मिळालेली आहे. आता बाजारात हायफू नावाने स्वस्तातली कितीतरी मशीन आलीत आणि पार्लरमध्ये सुद्धा बोर्ड दिसतात, त्यांच्यापासून लांब राहा, कारण गळ्यात नसा आहेत, रक्तवाहिन्या आहेत, थायरॉईड आहे, आणि किती खोल जायचं हे ज्याला शरीर माहीत आहे त्यानेच ठरवायला हवं. मॅडमनी पांढऱ्या पेन्सिलने गळ्यावर रेषा मारल्या, मधला थायरॉईडचा भाग पूर्ण वगळला आणि तिथे हॅंडपीस नेलाच नाही. त्वचेचा रंग कसाही असला तरी या लहरी आरपार जातात म्हणून सावळ्या माणसाला लेझरपेक्षा याची भीती कमी, हा त्याचा मोठा फायदा.

दुखतं का? हो, दुखतं. मऊ भागात नुसती गरम टोचणी, पण जबड्याच्या हाडाजवळ आलं की कळ थेट दातांत जायची, दाढेत सिमेंट भरलंय तिथे तर डोळ्यात पाणी आलं. मधे थांबा म्हटलं की थांबत होत्या. दोन दिवस हात लावला की ठणका, बाहेरून काही दिसत नाही, मी दुसऱ्या दिवशी कॅश काउंटरवर होते. आणि हे लक्षात ठेवा की लगेच काही दिसत नाही. पहिल्या महिन्यात मी रोज आरशात बघायचे आणि पैसे पाण्यात गेले असं वाटायचं, अडीच-तीन महिन्यांनी फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा जबड्याची कड पहिल्यापेक्षा रेखीव दिसली. भरपूर फरक म्हणणार नाही. थोडा, पण खरा.

या फोटोंचं मला विशेष कौतुक वाटलं. दर वेळी तीच खुर्ची, तीच भिंत, तोच उजेड, केस मागे, हनुवटी एका पट्टीवर टेकवून समोरून आणि दोन्ही बाजूंनी. हनुवटी थोडी वर केली की कुणाचाही गळा छान दिसतो, आणि इन्स्टावरचे आधी-नंतरचे बरेचसे फोटो असेच असतात, एकदा बघायला शिकलात की लगेच कळतं.

तिसरं मायक्रोनिडलिंग आरएफ, म्हणजे सुया आणि रेडिओ लहरींची उष्णता एकत्र, इथे सगळे एमएनआरएफच म्हणतात. बारीक सुया कातडीत जातात आणि सुईच्या टोकाशी उष्णता सोडतात. माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी हेच ठरलं असं मला वाटतं, कारण माझ्या कातडीला तो क्रेप कागदासारखा चुरगळलेला पोत आला होता ना, तो यानेच गेला. तासभर आधी बधीर करायची क्रीम थापतात आणि वर स्वयंपाकघरातला तो पातळ प्लॅस्टिकचा रोल गुंडाळतात, तसंच बसून राहायचं. मग सुयांची टिप, ती माझ्यासमोर नवीन पाकीट फोडून लावली. हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय टेबलावर झोपू नका, टिप महाग असते म्हणून काही ठिकाणी परत वापरतात असं ऐकायला मिळतं आणि रक्ताशी संबंध येणारी वस्तू आहे ती. सुया इन्सुलेटेड हव्यात, म्हणजे फक्त टोकाशी तापणाऱ्या, वरची कातडी भाजत नाही आणि डाग पडायचा धोका कमी. गालावर जितकं खोल जातात त्यापेक्षा गळ्यावर कमी. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या आरएफ सुयांच्या मशीनबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, भाजणं, व्रण, चरबी झिजून खड्डा पडणं, नसेला इजा अशा तक्रारी आल्या होत्या म्हणून. ती सूचना मॅडमनी स्वतःहून मला सांगितली आणि मग संमतीपत्रावर सही घेतली. संमतीपत्र मराठीत होतं, त्याचं पण कौतुक.

झाल्यावर गळा लालभडक, बारीक रक्ताचे ठिपके, रात्रभर गरम. चेहऱ्यावर म्हणे दोन-तीन दिवसांत जातं, माझ्या गळ्यावर ती चौकटीची नक्षी आठवडाभर होती. बंद गळ्याचे कुर्ते घालून ऑफिसला गेले. सुती ओढणी, सिंथेटिक नको, घासते. मंगळसूत्र आठवडाभर काढून ठेवा असं सांगितलं होतं आणि घरात सासूबाई आहेत म्हणून मी जरा बिचकत होते, पण त्यांनी स्वतःच विचारलं की जखमेवर धातू कशाला घासतेस, ठेव देवघरात. महिन्या-महिन्याच्या अंतराने याचे सेशन होते. पेसमेकर असेल त्यांनी हे करायचं नाही, आणि केलॉईड म्हणजे जखमेवर जाड गाठीसारखा व्रण यायची सवय असेल तर आधी सांगायचं.

आडव्या रेषांसाठी सगळ्यात शेवटी हायल्युरॉनिक ॲसिडची पातळ इंजेक्शनं. गालात भरायचा तो जाड फिलर गळ्यात नको, गाठी दिसतात, इथे पातळ, पाणी धरून ठेवणारं औषध वरच्या थरात थेंब थेंब देतात. उष्णतेच्या ट्रीटमेंट आधी आणि हे नंतर, कारण औषध टाकून वर परत तापवण्यात अर्थ नाही. दिल्यावर गळ्यावर फुगवटे आले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसले, एका ठिकाणी काळंनिळं पडलं ते आठवडाभर राहिलं. रेषा गेल्या का? नाही गेल्या. उथळ झाल्या, पावडर अडकत नाही. लहानपणापासून असलेल्या रेषा असतात या बऱ्याच जणींना, बाळांच्या गळ्यावर सुद्धा असतात, त्या पुसून टाकतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दिवसभर मान खाली घालून मोबाइल बघितला की आणखी खोल होतात असं मॅडम म्हणाल्या, मी मोबाइल डोळ्यासमोर धरून वाचायला लागलेय आता.

रंगासाठी मी लेझर मागत होते आणि त्यांनी दिलं नाही. आधी तीन महिने सनस्क्रीन आणि रात्रीचं क्रीम, मग बघू. नाशिकला हवा चांगली म्हणून ऊन लागत नाही असा आपला सगळ्यांचा समज आहे पण सकाळी नऊला मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभं राहा, गळ्यावर कसं ऊन पडतं ते कळेल. स्कार्फ आपण तोंडाला गुंडाळतो आणि गळ्याची पुढची बाजू उघडीच राहते. सनस्क्रीन चेहऱ्याला लावून उरलेलं गळ्याला पुसायचं नाही, गळ्यासाठी वेगळं घ्यायचं, दोन बोटांवर रेघ ओढून भरेल एवढं, कानाच्या मागे आणि मानेच्या मागच्या बाजूला पण, विशेषतः मोठ्या गळ्याचं ब्लाउज घालणाऱ्यांनी. रात्रीचं रेटिनॉलचं, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या प्रकारचं, क्रीम आठवड्यातून दोनदाच सुरू केलं कारण गळ्याला ते चेहऱ्यापेक्षा लवकर झोंबतं, सोलतं. या साध्या गोष्टींनीच रंग इतका उजळला की लेझरची गरजच उरली नाही. त्या लेझरचे पैसे क्लिनिकला मिळाले असते, तरी त्यांनी नको सांगितलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता पुतणीचं सांगते, कारण गळा म्हटलं की नाशिकच्या निम्म्या मुली याच तक्रारीने येतात असं रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. पुतणी पिंपळगाव बसवंतला असते, वय २३, मान मागून काळी, जाडसर, मखमलीसारखी. लिंबू, बेसन, बेकिंग सोडा, दगडाने घासणं, सगळं करून झालेलं, कॉलेजात केस मोकळे सोडूनच बसायची बिचारी. मी तिला घेऊन गेले, वाटलं पील किंवा लेझर सांगतील. मॅडमनी मान बघितली, मग काखेत बघितलं, पाळी नियमित येते का विचारलं, वजन घेतलं, आणि एक पण ट्रीटमेंट न सुचवता रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. याला ॲकॅन्थोसिस म्हणतात आणि हा मळ नसतो, बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला दाद देत नाही त्याची ही कातडीवरची खूण असते, पुढे डायबेटिस व्हायचा इशारा. घासून तो जाड होतो, जात नाही. तपासणीत शुगर काठावर निघाली. फिजिशियनकडे पाठवलं, आता चालणं आणि खाण्यावर ताबा चालू आहे, घासणं बंद, आणि मान हळूहळू साधारण होतेय, क्रीम दिलंय ते फक्त मदतीला. तिच्या आईने मला फोन करून जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, पण माझ्या स्वतःच्या गळ्यापेक्षा या एका गोष्टीसाठी मी या क्लिनिकला जास्त मानते.

खर्च. सगळं मिळून, म्हणजे बोटॉक्स, हायफू एकदा, एमएनआरएफचे सेशन आणि शेवटची इंजेक्शनं, लाखाला थोडे कमी, ते पण सात-आठ महिन्यांत विभागून, आगाऊ पॅकेज नाही, ज्या दिवशी जे केलं त्याचे पैसे. मेडिक्लेममध्ये यातलं काही बसत नाही, सौंदर्यासाठीची ट्रीटमेंट असते ना. आणि हे एकदा करून संपत नाही, बोटॉक्सचा असर तीन-चार महिने टिकतो, मग दोऱ्या परत येतात, मी वर्षातून दोनदा घ्यायचं ठरवलंय, एमएनआरएफ वर्षाकाठी एखादं. बजेट कमी असेल तर काय करू विचारलं तर मॅडमचं उत्तर होतं सनस्क्रीन, रात्रीचं क्रीम आणि एमएनआरएफ, हायफू सोडून द्या. असं तोंडावर सांगणारे कमी.

एक स्टार कुठे कापला तर बिलावर. पहिल्या दिवशी तोंडी जो आकडा सांगितला त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला नव्हता, बिल हातात आलं तेव्हा कळलं. एवढ्या मोठ्या रकमेवर १८ टक्के म्हणजे काही किरकोळ नाही, आणि सगळं इतकं नीट समजावणाऱ्या ठिकाणी एवढी गोष्ट आधी सांगायला हवी होती. मी तसं सांगितलं, पुढच्या वेळेपासून कागदावर जीएसटीसकट आकडा लिहून दिला. दुसरं म्हणजे वेटिंग. पाचची अपॉइंटमेंट आणि नंबर साडेसहाला, एकदा तर त्याहून उशीर, आणि बसायला जागा कमी. डॉक्टर प्रत्येकाला वेळ देतात त्यामुळे होतं ते कळतं पण फोन करून सांगता येतं ना.

कुणी जाऊ नये ते पण सांगते. हनुवटीखाली कातडीची पिशवी लोंबत असेल, खूप वजन कमी केल्यानंतर होतं तशी, तर यातल्या कशानेच ती जाणार नाही, त्याला ऑपरेशनच, प्लास्टिक सर्जनकडे. माझ्यासमोरच एका साठीच्या काकूंना मॅडमनी हे स्पष्ट सांगून परत पाठवलं, दोरे घालून गळा ओढून देतात ते करू का असं त्या विचारत होत्या तर म्हणाल्या की गळ्यात ते फार टिकत नाही, पैसे वाया घालवू नका. माझी स्वतःची हनुवटीखालची थोडी सैल कातडी आहे तशीच आहे, साडीत बाजूने बघितलं की दिसते. पण उभ्या दोऱ्या नाहीत, पोत मऊ आहे, रंग एकसारखा आहे, आणि मी परत गळ्यात ठुशी घालायला लागलेय, ती चार-पाच वर्षं डब्यात पडून होती.

लग्नसराईसाठी करणार असाल तर महिनाभर आधी जाऊन काही होणार नाही, निदान पाच-सहा महिने हातात ठेवा. नुसतं बोटॉक्स हवं असेल तर तीन आठवडे पुरतात. मेमध्ये एमएनआरएफ करू नका, पावसाळा संपल्यावर सुरू केलेलं बरं पडतं. जाताना पुढून उघडणारा शर्ट किंवा मोठ्या गळ्याचा कुर्ता घाला, गळ्याला काही लावून जाऊ नका, दागिने घरी ठेवा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, नावं आठवत बसावं लागत नाही. संध्याकाळी गंगापूर रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यात कुंभमेळ्याची कामं चालू आहेत त्यामुळे कुठला रस्ता कधी बंद असेल सांगता येत नाही, रिक्षाने जा. सकाळी अकराची पहिली अपॉइंटमेंट मागितली तर वेटिंग पण लागत नाही आणि खिडकीतला उजेड पण चांगला असतो, मॅडमना स्वतःला तीच वेळ आवडते.